स्क्रीन नीट बंद करण्याबद्दल

‘बंद करून परत चालू करा’ हा सल्ला ज्याने पहिल्यांदा दिला, तो माणूस कधी भेटला तर मी त्याला आधी चहा पाजीन आणि मग दोन गोष्टी ऐकवीन. एक गमतीची आहे. दुसरी सांगताना अजूनही माझे तळहात ओले होतात. संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा, पण आम्हाला समजेल असं लिहा’ म्हटलं, तेव्हा मला या दोनच आठवल्या. बाकीची नोकरी सगळ्यांची असते तशीच झाली. पगार, प्रवास, पाठदुखी.

माझं माहेर जानेफळचं, सासर नांदुऱ्याचं. वडील शाळामास्तर. बाबासाहेबांच्या पुस्तकांवर त्यांचा जितका जीव, तितकाच गणितावर. त्यांच्याच हट्टाने मी तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकले. पुण्यात थोडे दिवस नोकरीही केली. तिथं माझ्या तोंडून चुकून ‘मले’ निघालं की टेबलाटेबलांवर हसू फिरायचं. लग्नानंतर नांदुऱ्याला आले आणि मग इथंच राहिले. कापसाचं जिनिंग, पतसंस्था, दालमिल यांना लागणारे प्रोग्रॅम सी भाषेत लिहायचे, आणि लिहिलेले मरेपर्यंत सांभाळायचे, हे माझं काम. मरेपर्यंत म्हणजे प्रोग्रॅम मरेपर्यंत. पण ते काही लवकर मरत नाहीत.

हे प्रोग्रॅम तुमच्या मोबाइलसारखे नव्हते. चित्र नाही, रंग नाही, माउस नाही. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आणि चौकटी, बस. ज्याला टर्मिनल म्हणतात, तो नुसता पडदा आणि कीबोर्ड असतो. त्याला स्वतःचं डोकं नसतं. डोकं ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये, आणि दोघांच्या मधे भिंतीभिंतीने गेलेली लांब वायर. आजच्या दिवसातही काही जिनिंगमध्ये हे डबे टिकून आहेत, त्याला कारण आहे. जिनिंगच्या हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. पंख्याचा कॉम्प्युटर ते पोटात ओढून घेतो आणि सीझन संपायच्या आत गुदमरतो. टर्मिनलला पंखाच नाही, म्हणून त्याला काही होत नाही. अंगावर पांढरी लव चढते तेवढी.

आता मुख्य गोष्ट. असा प्रोग्रॅम सुरू झाला की तो सगळ्यात आधी स्क्रीन ताब्यात घेतो. त्यासाठी सी भाषेत एक तयार हुकूम आहे, आम्ही बोलताना नुसतं ‘इनिट’ म्हणायचो. तो पडदा आधी कसा होता ते लक्षात ठेवतो आणि पुसून कोरा करतो. त्याच्या मागोमाग आम्ही आणखी एक काम करतो. दाबलेलं अक्षर पडद्यावर आपोआप उमटतं, ते उमटणं बंद करून टाकतो. आता काय दिसू द्यायचं आणि काय नाही, हे प्रोग्रॅम ठरवणार. काम संपलं की दुसरा हुकूम, ‘एंडविन’. घेतलेलं सगळं जसंच्या तसं परत करायचं आणि निघायचं. पाहुण्याने गादी घडी करून ठेवावी तसं.

पण प्रोग्रॅम मधेच मेला तर? मग एंडविन होत नाही. टर्मिनल तसंच राहतं. तुम्ही कळा दाबता, पडद्यावर काहीच उमटत नाही. तुम्हाला वाटतं कीबोर्ड गेला. तो गेलेला नसतो. तुमचं प्रत्येक अक्षर पलीकडे पोचत असतं. दिसत काही नाही, पण ऐकलं सगळं जातं.

मोताळ्याच्या बाजूला एका पतसंस्थेत नारायणराव नावाचे क्लार्क होते. मऊ स्वभावाचे, कधी कोणाला उलटून बोलायचे नाहीत. त्यांच्या टर्मिनलवर एकदा असंच झालं. कळा दाबल्या, काही दिसेना. समोर चेअरमन बसलेले, सकाळपासून त्यांनी नारायणरावांचा जीव खाल्लेला. कीबोर्ड मेलाच आहे म्हटल्यावर नारायणरावांनी मनातली भडास बोटांवाटे काढायची ठरवली. आमच्याकडे डोकं फिरलेल्या माणसाला बैताड म्हणतात. त्यांनी चेअरमनच्या तोंडाकडे बघत, हसऱ्या चेहऱ्याने, इंग्रजी अक्षरांत ‘बैताड’ टाइप केलं आणि एंटर दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली. ‘बैताड : नॉट फाउंड.’

त्यांचा मला फोन आला तेव्हा आवाज अगदी बारीक होता. म्हणाले, “ताई, हे मशीन आयकून राह्यलं.”

यात भूत काही नव्हतं. प्रोग्रॅम मेला की टर्मिनलवर मागे एक पहारेकरी उरतो, त्याला शेल म्हणतात. त्याला फक्त हुकूम कळतात. तुम्ही लिहिलेल्या ओळीतला पहिला शब्द तो हुकूम समजतो आणि तशा नावाचं काही आहे का म्हणून आत शोधतो. सापडलं नाही की तोच शब्द परत लिहून पुढे ‘नॉट फाउंड’ लिहितो. नारायणरावांनी लिहिलेलं दिसलं नाही, पण त्याचं उत्तर दिसलं. मी गेले आणि अशा वेळचा एक हुकूम असतो तो दिला. त्याचा अर्थ साधारण ‘शुद्धीवर ये’ असा होतो. तोही न दिसताच टाइप करावा लागतो. टर्मिनल शुद्धीवर आलं. नारायणराव मात्र त्यानंतर रिटायर होईपर्यंत टर्मिनलसमोर वाईट शब्द काढायचे नाहीत, चेअरमन खोलीत नसले तरी.

ही झाली गमतीची. दुसरी नांदुऱ्याच्या अलीकडच्या एका जिनिंगमधली. नाव लिहीत नाही. मालक बदलला, मॅनेजरही आता दुसरीकडे आहेत, पण माणसं सगळी हयात आहेत.

त्या जिनिंगच्या गेटजवळ गाड्यांच्या वजनाचा मोठा काटा आणि त्याला लागून एक छोटी केबिन होती. केबिनमध्ये एक टर्मिनल, आणि त्यासमोर शेषराव. मोताळ्याकडच्या एका खेड्यातला, चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. गाड्यांचं वजन तोच घ्यायचा. शिवाय मागच्या बाजूला गठाणींचा, म्हणजे दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठींचा, एक वेगळा काटा होता, त्याचा आकडाही वायरने त्याच्याच स्क्रीनवर यायचा. ही वायर मागच्या कापसाच्या शेडच्या भिंतीवरून आलेली होती. शेषराव दोन बोटांनी टाइप करायचा, पण चूक म्हणून सापडायची नाही.

सरकी काढणारे रेचे, ती मोठाली यंत्रं, सुरू झाली की जिनिंगमध्ये शेजारच्या माणसाची हाक ऐकू येत नाही. म्हणून मी प्रोग्रॅममध्ये एक सोय ठेवली होती. खालच्या ओळीत काही लिहून एंटर दाबलं की ते ऑफिसच्या स्क्रीनवर दिसायचं. कोणी फारसं वापरलं नाही. शेषराव वापरायचा. इंग्रजी अक्षरांत आपली वऱ्हाडी लिहायचा. चहा पाठवा, गाडी अडकली, पानी नाई. बोलण्यापेक्षा त्याला ते सोपं जायचं, असं मला वाटतं.

ऐन सीझनमधली दुपार होती. मॅनेजर काळे साहेबांचा फोन आला. काट्याची स्क्रीन गोठली आहे, काही केल्या हलत नाही, गेटवर गाड्यांची रांग लागली आहे, ताबडतोब या. काळे नाशिककडचे. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा. मी विचारलं, शेषराव काय म्हणतो? ते म्हणाले, तो रुसून निघून गेला. सकाळी सुट्टीवरून त्याचं आणि त्यांचं वाजलं होतं. जेवणाच्या सुट्टीनंतर जागेवर आलाच नाही.

मी स्कूटी काढून गेले. गेटबाहेर गाड्या लागलेल्या, माणसं वैतागलेली. काळे साहेबांनी केबिनला कुलूप लावून चावी खिशात ठेवली होती, कारण वैतागलेल्या लोकांपैकी कोणीतरी आत जाऊन काही मोडेल ही भीती. त्यांनी दार उघडलं. स्क्रीनवर गठाणीच्या वजनाची चौकट होती आणि आकड्याच्या जागी रिकामं. प्रोग्रॅम काट्याच्या आकड्याची वाट बघत थांबला होता. खुर्चीच्या पाठीवर शेषरावचा दुपट्टा. कीबोर्डवर त्याचा चष्मा, काड्या उघड्या, काचा खाली करून ठेवलेला. जवळचं वाचायचा चष्मा होता तो. चहाच्या ग्लासावर कापसाची लव बसली होती.

मी म्हटलं, साहेब, रुसून जाणारा माणूस चष्मा ठेवून जाईल का? ते म्हणाले, रागात माणूस काहीही करतो. एवढ्यात हमालांचे मुकादम सलीमभाई दारात आले. वयस्क माणूस, त्या आवारात कोण कुठं आहे हे त्यांना न बघता कळायचं. त्यांनी सांगितलं की शेषरावची दुचाकी आवारातच उभी आहे. त्यांनी आवारात दोनदा हाका मारल्या होत्या. काळे म्हणाले, कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून गेला असेल, आधी काटा सुरू करा. आणि मग ते वाक्य आलं. ऑफिसातला मोठा कॉम्प्युटर बंद करून परत चालू करू या, पाच मिनिटांचं काम आहे.

त्या क्षणी मला कुठलीही शंका आली होती असं मी म्हणणार नाही. मला फक्त ते पटत नव्हतं. बाकीच्या टर्मिनलवर माणसं काम करत होती, त्यांचं अर्धं काम गेलं असतं. आणि खरं कारण सांगायचं तर, मला स्क्रीन नीट बंद करायची सवय आहे. गॅस बंद केला की नाही हे जशी एखादी बाई दोनदा बघते, तशी. मी म्हटलं, एकाच प्रोग्रॅमला उठवते, बाकी कशाला हात लावत नाही.

इथं आणखी एक गोष्ट सांगायला हवी. टर्मिनलवर कळ दाबली की ते अक्षर टर्मिनलमध्ये राहत नाही. वायरने मोठ्या कॉम्प्युटरकडे जातं आणि तिथं रांगेत उभं राहतं. प्रोग्रॅम एकेक करून त्यांना आत घेतो. प्रोग्रॅम दुसऱ्या कशाची वाट बघत अडकला असेल तर अक्षरं रांगेत तशीच थांबतात. कोणी पाहत नाही, कोणाला दिसत नाहीत. मोठा कॉम्प्युटर बंद केला की रांग पुसली जाते. पण अडकलेल्या प्रोग्रॅमला एकट्याला नीट निरोप दिला, तर तो एंडविन करून, स्क्रीन परत देऊन जातो, आणि रांगेतली अक्षरं मागे उरलेल्या त्या पहारेकऱ्याच्या हाती पडतात.

मी काळे साहेबांबरोबर ऑफिसात गेले. त्या प्रोग्रॅमला बंद होण्याची खूण पाठवली. मारायचा हुकूम वेगळा असतो, तो मी दिला नाही. मी ‘आवर’ एवढंच सांगितलं. मग आवार ओलांडून केबिनकडे चालत आले. रेच्यांचा आवाज चालूच होता. दार मघाशी लोटलं होतं तसंच होतं. आत कोणी नव्हतं. काळे साहेब बाहेर गाडीवाल्यांना समजावत थांबले.

स्क्रीनवरची चौकट गेली होती. काळा पडदा, आणि त्यावर शेषरावचं बोलणं.

पहिली ओळ अशी होती : ‘मांगच्या शेडात धूर हाये मानसं पाठवा’. तिच्याखाली मशीनचं उत्तर : ‘मांगच्या : नॉट फाउंड’.

दुसरी ओळ : ‘मी पाह्यले जातो’. खाली उत्तर : ‘मी : नॉट फाउंड’.

मग बऱ्याच ओळी रिकाम्या. ओळीच्या सुरुवातीला पहारेकऱ्याची नुसती खूण, पुढे काही नाही, पुन्हा खूण, पुन्हा काही नाही.

आणि सगळ्यात खाली : ‘अठी हाओ’. उत्तर : ‘अठी : नॉट फाउंड’.

त्याखाली कर्सर उघडमीट करत होता. वऱ्हाडीत अठी म्हणजे इथे. इथे आहे. तिथं उभी राहून मी ते दोनदा वाचलं. माझ्या मानेवरून कोणीतरी ओला हात फिरवावा तसं झालं. खुर्ची रिकामी, चष्मा जागेवर, आणि समोर माणूस बोलतो आहे आणि मशीन त्याच्या प्रत्येक शब्दाला सापडलं नाही, सापडलं नाही म्हणतं आहे.

मी बाहेर येऊन सलीमभाईंचा हात धरला आणि मागच्या शेडकडे बोट दाखवलं. ओरडून काही ऐकू येणार नव्हतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ते पळाले. जाता जाता त्यांनी रेचे बंद करायची खूण केली. रेचे एकेक करून थांबले, आणि मग त्या आवारात जी शांतता पडली ती मला आवाजापेक्षा जास्त लागली.

मागच्या शेडमध्ये पत्र्याला टेकेल एवढी कापसाची गंजी होती. जाळ नव्हता. धूरही डोळ्याला दिसेल असा नव्हता, हवेत तंतूच एवढे की सगळंच पांढुरकं. पण वास होता. गोधडी चुलीला फार जवळ राहिली की येतो तसा. कापूस पेटला की लगेच भडकतोच असं नाही. कोणाची विडी पडते, नाही तर खडा घासून ठिणगी उडते, आणि गंजीच्या पोटात तासन्‌तास धुमसत राहतं. भिंतीवरून येणारी माझी काट्याची वायर एका जागी काळी पडून तुटली होती. म्हणून आकडा येईना, म्हणून प्रोग्रॅम अडकला. आणि त्या कोपऱ्यात गंजी एका बाजूने खचली होती.

सलीमभाईंनी हाक मारली. “शेषराव! कुठी हायेस बे?” काही नाही. कापसात आवाज मरतो. बाहेरचा आत जातो की नाही माहीत नाही, आतला बाहेर येत नाही.

त्यांनी हमालांना हातातले लोखंडी आकडे आणि फावडी टाकायला लावली. म्हणाले, हातानं उपसा, आत मानूस हाये. पोती ओली करून बाजूला ठेवली. काळे साहेब फायर ब्रिगेडला फोन लावत होते. मीही उपसत होते. कापूस दिसायला हलका, पण ढिगात तो अंगावर येतो, काढाल तितका परत भरतो. हात घातला की कोमट लागायचं, जिवंत अंगाला लागतं तसं, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की हाच तो.

तो सापडला खांब आणि भिंत यांच्या सांदीत. बसल्यासारखा, गुडघे पोटाशी. त्या सांदीनेच त्याला थोडी हवा ठेवली. डोळे उघडे होते. पापण्यांवर, नाकाला, ओठांना कापूस. तो आमच्याकडे पाहत होता, पण आपल्याला हे लोक दिसत आहेत यावर त्याचा विश्वास बसला नसावा. सलीमभाईंनी बोट घालून त्याच्या तोंडातला कापूस काढला, तेव्हा तो श्वास घेताना जो आवाज झाला, तो मी अजून विसरले नाही. त्याला ओढून बाहेर आणलं आणि थोड्याच वेळात उघड्या पडलेल्या गंजीला हवा लागून ती पेटली. शेड अर्धी गेली. माणूस वाचला.

अँब्युलन्स गेल्यावर काळे साहेब माझ्याजवळ आले आणि त्यांनी आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. जेवणाच्या सुट्टीतले शेषरावचे कॉल होते, न उचललेले. सकाळच्या भांडणामुळे त्यांनी उचलले नव्हते. त्यांना वाटलं, सुट्टीसाठीच परत करतो आहे. फोन उचलला नाही म्हणून शेषरावने घाईत, स्क्रीनकडे न बघता ऑफिसला ओळ लिहिली, ती पोचली असं समजला, आणि मागून माणसं येतीलच म्हणून एकटा गेला. गंजीचा पाया लोखंडी आकड्याने उकरून धूर कुठून येतो ते बघत होता. वरचा कापूस अंगावर आला.

नंतर मी प्रोग्रॅममध्ये काट्याची वाट बघायला मर्यादा घातली. थोडा वेळ आकडा आला नाही तर पुढे जायचं आणि स्क्रीनवर तसं सांगायचं. मी ते लिहीत बसले होते तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात त्या रिकाम्या ओळी आल्या.

रिकामी ओळ म्हणजे नुसतं एंटर. शेषराव उगीच एंटर दाबणारा माणूस नव्हता. मी काळे साहेबांना फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, मीच दाबत होतो. शेषराव जागेवर नाही, स्क्रीन हलत नाही, म्हणून चिडून एंटरच्या मोठ्या कळीवर मूठ मारत होतो. मग दाराला कुलूप लावून तुम्हाला फोन केला.

मी फोन ठेवला. रांगेत मागचा पुढे घुसत नाही. अक्षरं ज्या क्रमाने दाबली, त्याच क्रमाने बाहेर येतात. हे माझ्या धंद्यातलं अगदी पहिलं पान आहे. शेषरावच्या दोन ओळी आधी. मग काळे साहेबांच्या मुठी. आणि ‘अठी हाओ’ त्यांच्यानंतर.

काळे साहेबांच्या मुठी पडत होत्या तेव्हा शेषराव गंजीखाली होता. नंतर केबिनला कुलूप होतं आणि चावी त्यांच्या खिशात. कुलूप उघडल्यावर मी आत होते, मी कळीला हात लावलेला नाही. मी ऑफिसात जाऊन येईपर्यंत काळे माझ्याबरोबर होते आणि सलीमभाई गेटवर, केबिनच्या दारासमोरच, गाड्या आवरत उभे होते, मला जाता येता दिसत होते; त्यांना चुकवून कोणी आत गेलं नसतं. पुन्हा फोन करून मी काळे साहेबांना विचारलं, तुम्ही काही शब्द टाइप केले होते का? ते म्हणाले, नाही, कशाला? आणि नाशिकच्या माणसाने केलेच असते तर ‘अठी’ कशाला लिहिलं असतं. मी वायरीचा विचार केला. जळकी वायर कचरा अक्षरं पाठवू शकते. पण ती काट्याची वायर होती, कीबोर्डची नाही. आणि कचऱ्याला व्याकरण नसतं.

मी हे कोणालाच सांगितलं नाही. घरी सांगितलं असतं तर म्हणाले असते, दमलीस, आराम कर. वडील असते तर म्हणाले असते, पुरावा तपास, नीट तपास, आणि नाही सापडला तर नाही सापडला म्हण. मी तपासला होता.

आठवडाभराने मलकापूरला शेषरावला भेटायला गेले. दवाखान्यात खिडकीजवळची खाट होती. त्याची बायको उशाशी संत्र सोलत बसली होती. त्याचा आवाज बसलेला, दोन शब्द बोलला की खोकला. तरी त्या दिवशी तो जितका बोलला तितका मी त्याला त्याआधी कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

त्याने सांगितलं की त्याला सगळं ऐकू येत होतं. सलीमभाईच्या हाका, गाड्यांचे भोंगे, रेचे. काळे साहेब कोणाला तरी ‘गेला असेल रुसून’ म्हणाले तेही. ओरडायला तोंड उघडलं की कापूस आत जायचा. हात दाबलेले, पण उजव्या हाताची बोटं मोकळी होती. डोक्यात एकच येत होतं, की आपण धूर हाये एवढं लिहिलं, पाह्यले जातो एवढं लिहिलं, पण आपण नेमके कुठं आहोत ते लिहायचं राहून गेलं.

मी विचारलं, मग?

“मंग काय, ताई. बोटं हालत होती, तं कापसातच टाइप करून राह्यलो होतो. अठी हाओ. अठी हाओ. येड्यावानी.” तो हसला आणि खोकला. बायकोने पाणी दिलं. घोट घेऊन तो म्हणाला, “कोनाले दिसनार हाये थे?”

खिडकीबाहेर बस स्टँडचा गलका चालू होता. वाटेत ठरवून आले होते की हे त्याला सांगायचं नाही. आधीच माणूस मरणाच्या दारातून आलेला, त्याच्या डोक्यात आणखी काही कशाला भरायचं. पण त्याने सरळ माझ्याकडे बघून विचारलं होतं, आणि स्क्रीनवर काय होतं हे वाचलेली मी एकटीच होते.

मी म्हटलं, “दिसलं.”

शेषराव माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने चादरीवर पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि हळूच तो चादरीच्या आत घेतला.